दुसऱ्याच्या पुस्तकाचा साक्षीदार

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचा विषय निघाला की मी गमती सांगतो. आम्ही निवृत्त मास्तर सकाळी फिरून आल्यावर मंगळवार पेठेत एका हॉटेलात चहाला बसतो. तिथं कुणीतरी त्यांचं नाव काढतं आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण त्यांच्याबरोबर पुस्तक विकत फिरलेला माणूस मीच. मग मी त्यांच्या चपला झटकण्याची गोष्ट सांगतो, शहाळ्याच्या गाड्याची सांगतो. लोक पोट धरून हसतात. शेवटी कुणीतरी म्हणतं, "माणूस भला, पण असल्या तत्त्वांनी पुस्तक खपतंय व्हय?" आणि मी मान हलवतो.

ही मान मी त्यांच्या शोकसभेतही हलवली. खरी गोष्ट सांगायची टाळण्याचा तो माझा मार्ग होता, आणि इतकी वर्षं तो बिनबोभाट चालला. आता हसणाऱ्यांपैकीही निम्मे राहिले नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. सरांचं पुस्तक त्यांच्या तत्त्वांमुळे बुडालं नाही. तत्त्वांमुळे ते खपत होतं. मी शेजारी बसून ते बघत होतो आणि मला ते बघवत नव्हतं.

सर उंच होते आणि उंचीची लाज वाटल्यासारखे थोडे वाकून चालायचे. सकाळी स्टाफरूममध्ये आले की प्रत्येकाला वेगवेगळा "सलाम" करायचे. सगळ्यांना मिळून एक कधी नाही. घराणं शाहूवाडीकडचं, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बायबल त्यांना पाठ असावं, पण ते कधी वचन म्हणून दाखवायचे नाहीत. "शास्त्रात तसं सांगितलंय" एवढंच म्हणायचे आणि तसं वागून मोकळे व्हायचे. वर्गात काही चुकीचं शिकवलं गेलं असेल तर दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना आधी पोरांची माफी मागायचे. हेडमास्तरांना ते आवडत नसे.

त्यांच्याशी बोलणं अवघड होतं, कारण त्यांचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण आलं की माणूस "येतो की" म्हणतो आणि जात नाही. यात कुणाचं काही बिघडत नाही. सर पत्रिका नीट वाचायचे आणि म्हणायचे, "नाही, मी येणार नाही. त्या दिवशी मला झोपायचंय." आमच्या क्रीडाशिक्षकांनी मुलीच्या लग्नावरून त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता. गंमत म्हणजे ज्यांना ते येतो म्हणाले त्यांच्याकडे ते मांडव घालायच्या आधी हजर असायचे आणि सतरंज्या उचलून झाल्यावर निघायचे.

त्यांच्या पत्नीला कमरेखालचा आजार झाला आणि त्या बरीच वर्षं अंथरुणावर होत्या. भेटायला माणसं यायची. कोण उशाशी बसून रडायचं, कोण "माझ्या आत्याला पण असंच झालतं, ती गेली" म्हणून सांगायचं, कोण देवाचा कोप सांगायचं, कोण नवीन डॉक्टर. बाई सगळ्यांना हसून उत्तर द्यायच्या आणि माणसं गेली की भिंतीकडे तोंड करून पडायच्या. सर स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता हे सगळं ऐकायचे. बाई गेल्यावर त्यांनी एक लहानसं पुस्तक लिहिलं, आजाऱ्याला भेटायला जाताना काय करावं आणि काय करू नये यावर. दारात चपला काढतानाच चेहरा पाडू नका. शहाळं नेणार असाल तर ते फोडायचं कुणी हे आधी ठरवा, नाहीतर त्या घरातल्या बाईला एक काम वाढतं. आजाऱ्याला "ओळखलंत का" विचारू नका. ती परीक्षा असते. बोलायला काही नसेल तर गप्प बसा, पण घड्याळाकडे बघू नका. सगळं पुस्तक असं होतं. देवाचं नाव त्यात एकदाही नव्हतं. मी मुद्दाम शोधलं होतं.

मी मराठी शिकवायचो. माझे दोन कथासंग्रह होते, पुण्याच्या प्रकाशकाने काढलेले. जाड कागद, चित्रकाराने केलेलं मुखपृष्ठ, मलपृष्ठावर माझा फोटो. शाळेत लेखक म्हणजे मी. सरांनी पदरमोड करून शाहूपुरीतल्या एका छापखान्यातून पुस्तक काढलं तेव्हा मी ते चाळलं आणि मोठ्या मनाने म्हणालो, "छान आहे हो, उपयुक्त आहे." उपयुक्त हा शब्द मी जपून निवडला होता. ते खूश झाले. मग म्हणाले, "सर, माझं एक काम कराल का? माझ्याबरोबर फिराल?"

त्याचं असं होतं. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करायचं नाही, ते दुसऱ्याने करावं, असं शास्त्र सांगतं. एकट्याची साक्ष ग्राह्य धरायची नाही, दोघे हवेत, असंही सांगतं. त्यांच्या प्रभूने शिष्यांनाही म्हणे गावोगाव पाठवलं ते दोघादोघांना. म्हणजे सरांना पुस्तक विकायचं होतं, पण ते चांगलं आहे असं म्हणायची त्यांना बंदी होती. त्यांना तोंड हवं होतं. ते तोंड मी झालो. नाही म्हणायला मला जमलं नाही. मला ते कधीच जमत नाही, मी येतो की म्हणणाऱ्यांतला.

त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे पुस्तकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी बसायचो. कुणाच्या दारात गेलो की सर सलाम करून गप्प बसत आणि मी बोलत असे. गिऱ्हाईक पुस्तक उलटंपालटं करून विचारी, "चांगलं हाय का?" सर खाली बघत. मी म्हणे, "फार चांगलं आहे. घराघरात असावं असं आहे." हे वाक्य मी कितीकदा म्हणालो असेन. माझ्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल कुणी ते एकदाही म्हटलेलं नव्हतं. रात्री घरी येऊन मी जेवायला बसलो की बायको विचारायची, आज किती गेली. मी सांगायचो. ती म्हणायची, "बघा, साधं लिहिलं की लोक घेतात." मी भाजी वाढ म्हणायचो.

आधी आम्ही महाद्वार रोडवरच्या एका पुस्तकाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रीतीप्रमाणे कमिशन विचारलं. सर म्हणाले, पिशवीत दोन मापं ठेवायची नाहीत, घ्यायचं एक आणि द्यायचं एक. वाचकाला जो भाव तोच तुम्हाला. दुकानदार म्हणाला, मग मी काय पुण्य कमवायला दुकान टाकलंय? सर म्हणाले, बरोबर आहे तुमचं. बाहेर आले आणि पायरीवर उभे राहून पायातल्या चपला काढून एकमेकींवर आपटू लागले. ज्या दाराने आपल्याला घेतलं नाही तिथली धूळही बरोबर नेऊ नये, असं आहे म्हणे. दुकानदाराला वाटलं, हा चप्पल दाखवतोय. तो गल्ल्यावरून उठून धावत आला. सरांनी त्याला शांतपणे सगळं समजावलं, धूळ कुणाची, शिष्य कोण. तो डोक्याला हात लावून आत गेला. या गोष्टीला अजूनही सगळ्यात जास्त हशा मिळतो.

पण पुढचं मी हसण्यापुरतंच सांगतो. दुकानांत पुस्तक ठेवायची सोय राहिली नाही म्हणून सर मोठ्या दवाखान्यासमोरच्या शहाळेवाल्याकडे गेले. भेटायला जाणारा माणूस शहाळं घ्यायला थांबतो, म्हणजे ज्याला पुस्तक हवं तो बरोबर तिथंच उभा असतो. हे एवढ्या प्रकाशकांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता कमिशन तर द्यायचं नाही, पण काम करणाऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हेही शास्त्रातच. म्हणून शहाळेवाला दुपारी जेवायला घरी जाई तेव्हा सर गाडा सांभाळत. कोयता त्यांना धड धरता येत नसे. अर्धं पाणी शर्टावर. लोक हसत, थांबत आणि पुस्तक बघत. शहाळेवाला सांगे, "मास्तरांचं बुक हाय, आत जायाच्या आधी वाचा, न्हाईतर आत जाऊन काय बी बडबडशीला." त्याच्यासारखी जाहिरात माझ्या पुण्याच्या प्रकाशकाला जन्मात जमली नसती.

छापखान्याचंही तसंच. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची म्हणून सर बांधणी झाली त्याच संध्याकाळी पैसे घेऊन हजर. छापखानेवाल्याला हे इतकं नवीन होतं की पुढच्या आवृत्तीला त्याने ऐन लगीनसराईत पत्रिका बाजूला ठेवून यांचं पुस्तक मशीनवर चढवलं. हो, पुढची आवृत्ती निघाली. त्यानंतर आणखी एक. माझ्या पहिल्या संग्रहाच्या पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे तेव्हा प्रकाशकाच्या गोदामात होते.

जयसिंगपूरला पुस्तक प्रदर्शन भरलं तेव्हा माझ्या प्रकाशकाचा स्टॉल दारातच होता. सरांना आयोजकांनी मधली जागा दिली होती. मेजवानीत आपण होऊन वरच्या जागेवर बसू नये, म्हणून त्यांनी हट्टाने शेवटचं टेबल मागून घेतलं, बाहेर जायच्या वाटेवर, मुतारीच्या बाजूला. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं. पण माणूस प्रदर्शनात शिरताना फक्त बघत असतो. बाहेर पडताना त्याच्या लक्षात येतं की आपण काहीच घेतलं नाही, बायको काय म्हणेल. तेव्हा त्याच्या समोर सर. मी दिवसभर तिथं बसून "फार चांगलं आहे" म्हणत होतो आणि माझे कथासंग्रह दारातल्या स्टॉलवर पाककृतींच्या पुस्तकांमागे पडले होते. रविवारी सर आलेच नाहीत. सगळ्यात गर्दीचा दिवस, पण रविवारी विक्री नाही. टेबलावर एक फडका आणि "आज विसावा" अशी पाटी. सोमवारी लोक ती पाटी बघून काय प्रकार आहे म्हणून मुद्दाम आले. समारोपाला आयोजकांनी त्यांना शोधून स्टेजवर नेलं. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. बोलावतील म्हणून कोट घालून गेलो होतो.

त्यांच्या भाच्याने पुस्तक मोबाईलवर विकायला लावलं आणि ओळखीच्यांना पाच-पाच तारे द्यायला सांगितले. सरांनी नातेवाइकांना बंदी केली, ती खोटी साक्ष होते म्हणाले. मग माझ्याकडे आले, "सर, तुम्ही नात्यातले नाही. जे वाटतं ते द्या." मी तीन दिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी माझे आभार मानले. म्हणाले, तुम्ही आहात म्हणून खरं कळतं.

त्यांची एक पद्धत अशी होती की शेत कापताना बांधाकडेचं पीक सोडायचं, ते गरिबाचं. त्यामुळे आम्ही जिथं जाऊ तिथं ते काही प्रती सोडून येत. एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, दूध डेअरीच्या ओट्यावर, शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्य उपकेंद्रात. वर कागद, "ज्याला हवं त्याने न्यावं." मी म्हटलं, लोक रद्दीत घालतील. ते म्हणाले, बांधावरचं कोण काय करतं ते बघायचं नसतं. पण त्या प्रती हातोहात फिरल्या. त्यातली एक एका दूध संघाच्या अध्यक्षांच्या घरी पोचली. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. अध्यक्षांच्या पत्नीने ते पुस्तक वाचलं आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ओसरीवरच आधी हातात द्यायला सुरुवात केली. अध्यक्षांनी निरोप पाठवला. संघाच्या प्रत्येक सभासदाला दिवाळीला बोनसबरोबर भेटवस्तू जाते, डबा म्हणा, टॉवेल म्हणा. या वर्षी त्याच्याबरोबर हे पुस्तक द्यावं असा विचार होता. येऊन भेटा.

सरांना मी इतकं हललेलं कधी बघितलं नव्हतं. स्कूटर चालवताना ते अर्धं वळून माझ्याशी बोलत होते, मला भीती वाटत होती. म्हणाले, "सर, मला पुस्तक विकायची हौस नाही. आमची ही गेली तेव्हा तिच्या शेजारी जी बसली होती ती बाई तिला तुमचं औषध किती महाग पडत असेल ते विचारत होती. शेवटचं तिने ते ऐकलं. हे गावागावात गेलं तर कुणाची तरी शेवटची गोष्ट बरी असेल." एवढंच त्यांना हवं होतं. बाकी कशाचं त्यांना काही नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

त्याच दिवशी सकाळी मला पुण्याहून फोन आला होता. प्रकाशकाच्या गोदामात जागा नव्हती. तुमचे गठ्ठे घेऊन जाता का, नाहीतर रद्दीला घालतो, असं एक पोरगी फार नम्रपणे विचारत होती. मी बघतो म्हणालो. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ते कधीच विचारायचे नाहीत.

अध्यक्षांच्या केबिनमध्ये पंखा मोठ्याने फिरत होता. चहा आला. अध्यक्षांनी आईची हकिगत सांगितली, पुस्तकाचं कौतुक केलं. मग खुर्चीत जरा पुढे सरकले. म्हणाले, "एक इचारतो, राग मानू नका. पुस्तक झकास हाय. पर आमचं संचालक म्हणत्यात, ही फुकट पुस्तकं गावागावात कशी काय पडत्यात? आजकाल कोण फुकट काय वाटतंय?" सरांच्या नावावरून त्यांचा धर्म कळत होताच. अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुम्ही आमच्यातलं. तुम्ही ह्यांच्यासंगट फिरताय. तुम्हीच सांगा, ह्येच्या मागं दुसरं काय न्हाय न्हवं?"

सरांनी स्वतः उत्तर द्यायला हवं होतं. दुसऱ्या कुणीही दिलं असतं. पण आपल्या बाजूची साक्ष आपण द्यायची नाही. त्यांनी माझ्याकडे मान वळवली, अगदी निवांत. स्टाफरूममध्ये आपला तास दुसऱ्याला सोपवून माणूस डबा उघडतो तसे ते बसले होते.

मला फक्त नाही म्हणायचं होतं.

मी कप उचलला. एक घोट घेतला. म्हणालो, "आता ते मी कसं सांगू? तुम्ही वाचलंयच. तुम्हीच ठरवा."

वाक्यात काही वावगं नव्हतं. कुणीही सभ्य माणूस असं बोलेल. अध्यक्ष पुढारी होते, त्यांनी न बोललेलं ऐकलं. "बरं. बघू मग," म्हणाले आणि घंटी वाजवून कप न्यायला लावले. त्या दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा मिळाला. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण अध्यक्षांनी नाकारलं म्हणजे काहीतरी असणार, असं तालुक्यात झालं. गावोगावच्या वाचनालयांनी घेतलेल्या पुस्तकांची पार्सलं परत पाठवली. उपकेंद्रातल्या प्रती कुणीतरी गोळा करून बाहेर टाकल्या. शहाळेवाल्याला चार पोरांनी येऊन दम दिला. तो रडकुंडीला येऊन सरांना म्हणाला, "मास्तर, माझी लेकरं हायत." सरांनी आपला गठ्ठा उचलला आणि त्या दिवशीही तो जेवून येईपर्यंत गाड्यावर उभे राहिले.

अध्यक्षांकडून परतताना त्यांनी वाटेत उसाच्या रसाला स्कूटर थांबवली. तेच म्हणाले, "तुम्ही योग्य बोललात, सर. साक्ष द्यायची तर डोळ्यांनी पाहिल्याची द्यावी. माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला कसं दिसणार? दुसरा असता तर मैत्रीखातर बोलून गेला असता." आणि माझ्या रसाचे पैसे त्यांनी दिले.

त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित त्यांच्या पाया पडलो असतो. ते मला आपल्यासारखाच समजले. त्याचाही मला राग आला. खरं सांगायचं तर पार्सलं परत येऊ लागली तेव्हा पहिले काही दिवस मला बरी झोप लागली.

मग मी त्यांना टाळू लागलो. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. ते एकटे फिरायचे नाहीत, त्यामुळे फिरणं थांबलं. आणि एका शनिवारी संध्याकाळी ते घरी आले. हातात माझा पहिला कथासंग्रह होता. कुठून मिळवला कोण जाणे, पण वाचलेला होता, पानांमध्ये एसटीच्या तिकिटांच्या खुणा होत्या. बायकोने चहा आणला तो त्यांनी घेतला नाही. उभेच राहिले.

म्हणाले, "सर, तुमच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे. मी खूप विचार केला. तुम्ही स्वतः लेखक, आणि मी तुम्हाला माझं पुस्तक उचलायला लावलं. दारोदार माझं कौतुक करायला लावलं. तुम्ही काय लिहिता ते एकदाही विचारलं नाही. मला माफ करा. उद्या चर्चमध्ये आमचं प्रभुभोजन आहे, प्रभूच्या नावाने भाकर मोडून सगळ्यांना देतात ते. भावाच्या मनात आपल्याविषयी काही असलं तर आधी ते मिटवून यायचं, मगच हात पुढे करायचा, असा आम्हाला नियम आहे."

बायको दारात उभी होती. मी म्हणालो, "छे छे, सर. माझ्या मनात काही नाही. गुडघे दुखतात, बाकी काय." ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "यातली आजीची गोष्ट फार चांगली आहे. पोस्टमनची मला कळली नाही." आणि गेले. बायको म्हणाली, "तुम्ही त्यांना बसा तरी म्हणायचं." ती पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. काय झालं होतं ते तिला मी सांगितलं नव्हतं, तरीही.

त्यानंतर ते रस्त्यात भेटले की सलाम करायचे. थांबायचे, मी काही बोलेन म्हणून जरा वाट बघायचे, मग वाकून पुढे जायचे.

त्यांना दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तेव्हा बायकोने मला जवळजवळ ढकलून पाठवलं. ती स्वतः आजारी होती, तिला जिना चढवत नव्हता. खाटेवर ते होते त्याहून लांब दिसत होते, पाय चादरीबाहेर. त्यांची भाची बाहेर आली आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काका, बरं झालं आलात. आता चर्चचे पाळकसाहेब येतायत. पण मामा प्रभुभोजन घेतील असं वाटत नाही. कितीतरी महिने झाले, चर्चला येतात, ताट पुढे आलं की नको म्हणतात. का ते सांगत नाहीत. असं ते कधी वागले नव्हते. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी नाही म्हणालो. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्येच मला सगळं कळलं. त्या शनिवारी माझ्या मनात काही नाही असं मी म्हणालो होतो आणि त्यांना ते खोटं आहे हे समजलं होतं. भावाच्या मनात काहीतरी आहे आणि तो ते मिटवू देत नाही. म्हणून ते दर वेळी हात मागे घेत राहिले. माझ्यासाठी, मला न सांगता.

वाक्य मी तिथंच जुळवलं. मला वाक्यं जुळवता येतात, तेवढं येतं. आत गेलो. त्यांनी डोळे उघडले आणि ओठांनी सलाम केला. मी स्टूल ओढून बसलो. तेवढ्यात पाळक आले, साधे, तरुण, हातात लहानशी पेटी. त्यांनी कपाटावर पांढरा रुमाल अंथरला, भाकर काढली. भाची पायाशी उभी राहिली. सरांनी पाळकांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी हळू विचारलं, "सर, मिटलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पाळक, भाची, शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मिटलं, सर. माफ केलं मी तुम्हाला. कधीच केलं."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला तिकडे बघवेना. भाचीने पदर डोळ्याला लावला. पाळकांनी तुकडा मोडून त्यांच्या जिभेवर ठेवला आणि ते डोळे मिटून तो बराच वेळ चघळत राहिले. मी हात सोडला नाही. लोकांना ते फार हृद्य वाटलं असणार. भाचीने शोकसभेत ते सांगितलं आणि सभा गहिवरली.

मी बाहेर आलो, रिक्षा केली, घरी आलो. बायकोने विचारलं, बोललात का काही? मी हो म्हणालो. जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं होतं, आणि ते मोठंही नव्हतं: सर, माफी तुम्ही कशाची मागता, त्या दिवशी अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं, आणि तुमचं पुस्तक चांगलं होतं म्हणून मी ते दिलं नाही.